शब्दचर्चा : जेंबेचेही ‘बोल’च म्हणायचे का?

प्रश्न : मुलांच्या तालवर्गासाठी आफ्रिकी तालवाद्यांवर मराठीत टिपण लिहिते आहे. जेंबेच्या ‘गुन, दुन, गो, दो, पा, ता’ या अक्षरांना बोल म्हटलं तर चालेल का? आणि ‘टॉकिंग ड्रम’ला काय म्हणावं?

उत्तर : जेंबेच्या अक्षरांना खुशाल बोल म्हणा. नायजेरियातल्या योरुबा समाजाचे वादक बाबातुंदे ओलातुंजी (१९२७–२००३) अमेरिकेत याच अक्षरांनी शिकवत. गुन-दुन म्हणजे कातड्याच्या मध्यावर तळव्याने काढलेला घुमारा, गो-दो काठावर जुळलेल्या बोटांनी, पा-ता सैल बोटांची कडक थाप. जोडीतलं पहिलं अक्षर उजव्या हाताचं, दुसरं डाव्याचं. ‘धा’ म्हटलं की तबला-डग्गा एकदम, हे आपल्यालाही अक्षरच सांगतं ना, तसंच हे.

मी तबला शिकवतो. वर्गात जेंबे आणला तेव्हा एका मुलीचा ‘गो’ आणि ‘पा’ सारखाच वाजायचा. हात धरून दाखवलं, उपयोग झाला नाही. मग वाद्य बाजूला ठेवून आठवडाभर नुसती पढंत घेतली. तोंडात ‘गो’ गोल आणि ‘पा’ ओठ फुटून यायला लागला, तशी थापही वेगळी पडू लागली.

दुसऱ्या वाद्याला मात्र ‘बोल’ लावू नका. योरुबांचा टॉकिंग ड्रम म्हणजे दुंदुन, डमरूच्या घाटाचा. काखेत धरायचा, वाकड्या काठीने वाजवायचा, दोऱ्या दाबल्या की सूर चढतो. योरुबा भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘इग्बा’ मधल्या सुरातून वर नेलात तर भोपळ्याचं भांडं, दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हणजे दोनशे, दोन्ही खालच्या सुरात म्हणजे काळ. ढोलातून ऐकू येतो तो फक्त हा चढउतार, अक्षरं नाहीत. सुटा शब्द ओळखू येणं कठीण, म्हणून वादक म्हणी आणि ‘ओरिकी’ ही स्तुतिकवनं वाजवतात. आपल्या ‘धिरधिर’ला अर्थ नसतो, दुंदुनच्या थापांमागे अख्खं वाक्य असतं. ‘बोलकी बाहुली’ आपण म्हणतोच, त्याच चालीवर ‘बोलका ढोल’ म्हणा.

प्रश्न : ‘बोलका ढोल’ घेतला! मुलांकडून ‘इग्बा’ म्हणवून घेऊ?

उत्तर : जरूर घ्या. योरुबा शिकवतानाही हे तीन सूर दो-रे-मी म्हणून सांगतात. तुम्ही सा-रे-ग घ्या: भांडं ‘रे-ग’, दोनशे ‘रे-रे’, काळ ‘सा-सा’.