रोटर फिरतोय, मग चावी का भरत नाही?
ऑटोमॅटिक घड्याळाचा रोटर, म्हणजे मनगट हललं की फिरून स्प्रिंग भरणारं वजन, फिरत असूनही चावी भरत नसेल तर त्याचं बेअरिंग झिजलं असणार, हे निदान पटतं, पण ते तपासायच्या आधी बेअरिंग बदलू नका. मागचं झाकण उघडून आतून बघा: गोल ओरखडा असेल तर रोटर घासतोय. ओरखडा नसेल तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. बाबांच्या कुवेतहून आणलेल्या सिको फाइव्हचं असंच झालं. दिवसभर मनगटावर, तरी पहाटे तीनला बंद. त्यातल्या ७००९ मशीनला हाताने चावी देता येत नाही, म्हणून रत्नागिरीच्या घड्याळजींनी रॅचेट व्हीलचा (स्प्रिंग भरणाऱ्या दातेरी चाकाचा) स्क्रू फिरवून स्प्रिंग भरली. तरीही दहा तासांत थांबलं! म्हणजे रोटर निर्दोष.

ऑटोमॅटिकमध्ये मेनस्प्रिंगचं, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या या स्प्रिंगचं, बाहेरचं टोक अडकवलेलं नसतं, ते ती ज्या डबीत असते तिच्या भिंतीला दाबून धरलेलं असतं आणि स्प्रिंग पूर्ण भरली की घसरतं. म्हणून त्या भिंतीला पकड देणारं खास ग्रीस लागतं. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी साधंच ग्रीस माखलं होतं, भिंत नुसती चकचकत होती, आणि स्प्रिंग अर्धी भरायच्या आतच घसरत होती. डबी धुऊन योग्य ग्रीस लावल्यावर आता काढून ठेवलं तरी दीड दिवस चालतं. झाकणाची रबरी रिंगही त्याच वेळी बदलून घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जुनी कडक झालेली रिंग ठेवणं म्हणजे मशीनला गंज चढू देणं. आमच्या रोटरखाली तांबूस पूड निघालीच होती.