मदत हवी आहे: बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाच्या राहण्याची सोय कशी लावू?

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत माझी छोटी खानावळ आहे, गिऱ्हाईक जवळपास सगळं स्पर्धा परीक्षावाली पोरं. तीन महिन्यांपासून भांड्याला एक मुलगा आहे. पहाटे साडेपाचला मी शटर उघडायला जाते तर हा आधीच पायरीवर बसलेला. मला वाटायचं, काय कामसू पोरगं! मग गेल्या आठवड्यात पिठाच्या डब्यामागे त्याची बॅग सापडली. दोन शर्ट, कागदांची प्लास्टिकची फाईल आणि एक चादर. चादरीची घडी इतकी चौकोनी की आमच्या घरात कुणाला जमणार नाही. संस्थेत रोज सकाळी घड्या तपासायचे म्हणे.

विचारलं तर म्हणाला, "काकू, स्वारगेटला झोपतो. तिथं लाईट असतो." हातात जुनं एसटीचं तिकीट धरून झोपतो, कुणी हटकलं तर गाडीची वाट बघतोय म्हणायला.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात वाढलाय. अठरा पूर्ण झाली, बाहेर पडला. बारावी झालीय. आईबद्दल विचारलं की गप्प होतो, मीही खोदत नाही.

कॉट बेसिसवर जागा बघितली. डिपॉझिट मी देणार होते, त्यामुळे अडलं ते पैशांवर नाही. मालक म्हणाले, "घरच्यांचा नंबर द्या." यानं माझा दिला. मालक मला ओळखतात, हसले, म्हणाले "बघू, कळवतो." अजून कळवताहेत. त्याच मालकांनी माझ्या एका मेंबरला डिपॉझिटशिवाय कॉट दिली होती, कारण त्याचे वडील बीडहून येऊन चहा पिऊन गेले होते!

माझ्या घरी ठेवा असं कृपया सुचवू नका. दोन खोल्या, सासूबाई अंथरुणावर, मुलगी दहावीला. खानावळीत झोपू दिलं असतं, पण गाळामालक आणि गॅसच्या टाक्या, दोन्हीला घाबरते. एक रात्रनिवारा जाऊन पाहिला, स्वच्छ होता, पण सगळी मोठी माणसं, निम्मी आजारी. हा म्हणाला, "तिथं बॅग राहत नाही, काकू."

या मुलांसाठी सरकारचं काही असतं का? कुणाकडे जायचं? आणि त्याला कुणाची दया नकोय, तेव्हा बोलायचं कसं, तेही सांगा.

प्रतिसाद
ताई, भावना समजल्या, पण पोलिस पडताळणी केलीत का? कोण कुठला पोरगा, उद्या गल्ला घेऊन गेला तर?

धागाकर्ती
गल्ल्याची चावी महिनाभर त्याच्याकडेच आहे. पुढचा प्रतिसाद.

प्रतिसाद
मी काही वर्षं बाल संरक्षणाच्या कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही शोधताय त्याला 'अनुरक्षण' म्हणतात. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 46. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला 21 वर्षांपर्यंत आधार देता येतो, अपवाद म्हणून 23 पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून दरमहा 4000 रुपये थेट त्याच्या खात्यात येऊ शकतात. नियमांत सहा ते आठ मुलांनी एकत्र राहायच्या घराचीही तरतूद आहे. मात्र हे आपोआप होत नाही, मागावं लागतं, आणि जागा-निधी सगळीकडे सारखा नसतो.

त्याची फाईल जिथं संस्था होती त्या जिल्ह्यात आहे, म्हणून सुरुवात तिकडून करा. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातला बाल संरक्षण कक्ष, आणि बाल कल्याण समिती. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का मारून घ्या. तोंडी बोलून परत येऊ नका. संस्था सोडायच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा समितीपुढे ठेवायचा असतो. तो केला होता का, आणि केला असेल तर प्रत द्या, एवढं शांतपणे विचारा. या प्रश्नानं टेबलापलीकडचा माणूस जरा सावरून बसतो, असा माझा अनुभव.

एक गोंधळ टाळा. अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, 2018 पासून. त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि आई हयात असेल तर ते अडेल. अनुरक्षणाला मात्र अनाथ असण्याची अट नाही. आईचा विषय आजच उकरायची गरज नाही.

प्रतिसाद
मी स्वतः असाच बाहेर पडलो, आता नोकरी आहे, बायको-मुलगी आहे. वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी त्याच्या आधारला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. माझा अधीक्षक सरांचा होता. बँकेत उभा राहायचो आणि ओटीपी सरांना जायचा. सर कधी शेतात, कधी लग्नात. नंबर बदलायला कागद लागत नाही, आधार केंद्रात बोटं लावली की झालं. खातंही त्याच्या एकट्याच्या नावावर आहे ना, पासबुक उघडून बघा.

बोलायचं कसं, असं विचारलंत. आम्हाला आयुष्यभर कुणीतरी वाजवलेली घंटा सांगायची. उठा, जेवा, झोपा. बाहेर आल्यावर घंटाच नाही. मी पहिला पगार आठ दिवसांत उडवला, कारण महिना किती लांब असतो ते माहीतच नव्हतं. त्याला डबा भरून देऊ नका, भाजी आणायला पाठवा आणि हिशेब घ्या. चुकला तर ओरडा. आम्हाला ओरडणारं कुणी लागतं हो.

कॉटसाठी खोलीमालकाऐवजी खोलीतल्या पोरांशी बोला. तुमचे मेंबर आहेतच. एखादी कॉट रिकामी झाली की पोरंच मालकाला सांगतात, "आपल्यातला आहे."

प्रतिसाद
निवाऱ्याचं थोडं. केंद्राच्या निकषात शहरात लाखभर लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी कायम निवाऱ्याची सोय हवी. प्रत्यक्षात किती असतात ते आपण बघतोच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांवर माणसं बेघर मोजली होती, आणि असं तिकीट हातात धरून झोपलेलं पोरगं मोजणाऱ्याला प्रवासीच दिसणार.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आधारचा नंबर बघितला. अधीक्षकांचाच. काल केंद्रात जाऊन बदलून आलो, पावती फाईलमध्ये ठेवताना चार वेळा वाचली त्यानं.

कॉटचं मी मेंबरांना सांगणार होते, तर दुपारी तोच ताटं उचलता उचलता एकाशी बोलला. शनिपाराजवळच्या खोलीत एक पोरगा पूर्वपरीक्षा देऊन गावी चाललाय. पंधरा तारखेला कॉट रिकामी होतेय. तोवर झोपायचं काय, ते आज गाळामालकाशी भांडून ठरवते. टाक्या रात्री बाहेरच्या जाळीत ठेवल्या तर त्यांना चालेल असं दिसतंय.

सोमवारी त्याच्या जिल्ह्याला जाणार आहोत दोघं. अर्जाचा कच्चा मसुदा त्यानंच लिहिलाय, अक्षर माझ्या मुलीपेक्षा चांगलं आहे. 'अर्जदाराचा पत्ता' एवढंच कोरं सोडलंय. तिथं काय लिहू? खानावळीचा लिहिला तर चालेल का? जाणकारांनी रविवारपर्यंत सांगावं.