बहिणीच्या हातावर खुणा दिसल्या, काय करू?

कोथरूडला राहतो आम्ही, बहीण अकरावीत. उन्हाळ्यातही फुल बाह्या घालायची, परवा स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या. म्हणते ताई रडूच येत नाही गं, असं केलं की थोडा वेळ हलकं वाटतं, आईला सांगू नकोस. मला झोप नाहीये.

– रागावू नकोस प्लीज. मीपण त्यातून गेलेय, नाटक नसतं ते, आतलं सहनच होत नाही. मरायचे विचार येतात का हे सरळ विचार, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.

– गुपित ठेवायचं प्रॉमिस मात्र देऊ नकोस, आईला दोघी मिळून सांगा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, फ्री, 24 तास, मराठीत बोलतात.

– थँक्यू. आज तिला तळजाई टेकडीवर नेलं, खूप रडली. उद्या एकत्र फोन करतोय.