मदत हवी आहे: आमच्या ओएसच्या रिलीज डॉक्युमेंटेशनचा पसारा कसा आवरायचा?

बूटलोडर

नमस्कार मंडळी, आम्ही काही जण मिळून डेबियनवर आधारलेली एक छोटी लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सची स्वतःची आवृत्ती) चालवतो, सगळे आपापलं काम सांभाळून रात्री-बेरात्री हातभार लावणारे. इन्स्टॉलर थोडा आमचा, डेस्कटॉपची सेटिंग्ज आमची, काही पॅकेजेस आमच्या रिपॉझिटरीतून, बाकी सगळं डेबियनचं. आता पुढचं व्हर्जन डेबियन १३ वर नेतोय आणि रिलीजच्या डॉक्युमेंटेशनचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिला मी नव्हतो.

सध्या कशाचा पायपोस कशात नाही. रिलीज नोट्स म्हणून एक लांबलचक विकी पान आहे, त्यात नवीन काय, इन्स्टॉल कसं करायचं, जुन्यावरून अपग्रेड कसं करायचं, माहीत असलेले बग, आयएसओचे (इन्स्टॉलच्या इमेज फाइलचे) चेकसम (डाउनलोड धड आहे का ते तपासायचे आकडे), आभार, सगळं एकाखाली एक. रीडमीत त्यातलंच अर्धं परत. वेबसाइटवरच्या घोषणेत पाव. आणि चॅट ग्रुपवर एक पिन केलेला मेसेज, खरं चालणारं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. गेल्या रिलीजला अपग्रेडची कमांड विकीवर दुरुस्त झाली, रीडमीत जुनीच राहिली, आणि लोकं बरोब्बर जुनीच शोधून वापरतात.

तर विचारायचंय असं की हे एकच डॉक्युमेंट ठेवायचं की तोडायचं, आणि तोडायचं तर कुठे? "नवीन काय" कोणी लिहायचं, कारण आत्ता रिलीजच्या आदल्या रात्री कोणीतरी गिट लॉग (कोडमधल्या बदलांच्या, म्हणजे कमिटच्या, नोंदी) वाचत बसतं आणि त्यात निम्मे कमिट "टायपो" किंवा "आता तरी चाल बाबा" असे असतात. विकी ठेवू की गिट? जुन्या व्हर्जनची पानं उडवू का? आणि प्लीज नुसती टूलची नावं देऊ नका, ती मलाही सापडतात, घडी कशी बसवायची ते सांगा.

कमिट_काका

विषयावरून तोडू नकोस, आयुष्यावरून तोड. म्हणजे कुठला मजकूर रिलीजच्या दिवशी गोठतो आणि कुठला त्यानंतरही बदलत राहतो, एवढंच बघ. "नवीन काय" रिलीजला गोठतं. माहीत असलेल्या अडचणी रिलीजनंतरच खऱ्या वाढायला लागतात. ही दोन एका पानावर ठेवलीस की पानाला कोणी हात लावावा की नाही हेच कळेनासं होतं.

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ओएसवाले हेच करतात. रिलीज नोट्स वेगळ्या, एराटा (रिलीजनंतर सापडलेल्या चुका-अडचणींची यादी) वेगळा, हार्डवेअर नोट्स वेगळ्या, इन्स्टॉलेशनच्या सूचना वेगळ्या. रिलीजनंतर काही निघालं की एराट्यात भर पडते. डेबियन एकाच पुस्तिकेत ठेवतं पण प्रकरणं पाडून: नवीन काय, इन्स्टॉलर, आधीच्या रिलीजवरून अपग्रेड, आणि "या गोष्टींकडे लक्ष द्या" असं एक प्रकरण. ते शेवटचं प्रकरणच खरं वाचायचं असतं आणि लोक नेमकं तेच सोडतात, असो.

चेकसम डॉक्युमेंटमध्ये लिहायचेच नाहीत. आयएसओच्या शेजारी सही केलेली फाइल ठेवायची, ती बिल्ड स्क्रिप्ट बनवेल. माणसाने हाताने चिकटवलेला चेकसम आज ना उद्या चुकतोच. आणि कमांड एकाच ठिकाणी राहील, अपग्रेड गाइडमध्ये. रीडमी, घोषणा, चॅटचा पिन, तिघांत फक्त लिंक. त्यांना कमांड लिहायची परवानगीच नाही, हे नियम म्हणून लिहून ठेव.

बूटलोडर

काका, हे पटलं. पण आमचं नव्वद टक्के डेबियनच आहे, मग डेबियनच्या रिलीज नोट्समधलं किती परत लिहायचं? सगळं कॉपी केलं तर त्यांनी दुरुस्ती केली की आमचं शिळं, आणि नुसती लिंक दिली तर आमचे युजर काही ते वाचत नाहीत.

कमिट_काका

जे तुमच्या डीफॉल्ट सेटिंगमुळे तुमच्या युजरला वेगळं लागतं तेवढंच तुमच्या शब्दांत लिही, बाकी लिंक. उदाहरण देतो. डेबियन १३ मध्ये टीएमपी (तात्पुरत्या फाइलची) डिरेक्टरी डीफॉल्टने टीएमपीएफएसवर गेली, म्हणजे रॅममध्ये, आणि ती जास्तीत जास्त निम्मी मेमरी खाऊ शकते. अपग्रेड करणाऱ्यांनाही रीबूटनंतर हेच लागू होतं. आता तुमच्या डेस्कटॉपबरोबर एखादा व्हिडिओ एडिटर येत असेल आणि तो तात्पुरत्या फाइल तिथेच टाकत असेल, तर चार जीबी रॅमच्या मशीनवर दोन जीबीला गाडी अडणार. युजरला दिसणार "डिस्क फुल", आणि डिस्क बघावी तर अर्धी रिकामी. हे तुम्हीच लिहायला हवं, डेबियनला तुमचा एडिटर काय करतो ते कसं माहीत असणार.

आणखी एक बारीक गोष्ट, अपग्रेडआधी त्या डिरेक्टरीत पडलेल्या जुन्या फाइल डिस्कवरच असतात, फक्त वरून टीएमपीएफएस माउंट झाल्यामुळे दिसत नाहीत. लोकांना वाटतं उडाल्या. अपग्रेड गाइडमध्ये एक वाक्य टाक की आधी तिथलं कामाचं काही असेल तर हलवा.

जुनाट_युनिक्स

दुसऱ्या प्रश्नाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आदल्या रात्री गिट लॉग वाचणं हा प्रकार बंदच करा. ज्याने बदल केला त्याला त्या क्षणी माहीत असतं की युजरला काय फरक पडणार आहे, चार महिन्यांनी त्याला स्वतःलाही आठवत नाही. फ्रीबीएसडीत कमिट मेसेजच्या शेवटी "रेलनोट्स: येस" अशी ओळ टाकायची सोय आहे, शिवाय सोर्सच्या मुळाशी त्याच नावाची एक फाइलही असते. निक्सओएस या लिनक्स डिस्ट्रोमध्ये रिलीज नोट्स पॅकेजेसच्याच रिपॉझिटरीत असतात, त्यामुळे बदल आणि त्याची नोंद एकाच पुल रिक्वेस्टमधून (बदल सामावून घ्यायच्या विनंतीतून) येऊ शकतात. पण सगळ्यांनी एकाच फाइलच्या एकाच कोपऱ्यात लिहायचं म्हटलं की मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकमेकांवर आदळणारे बदल, ठरलेले. त्यावर ओपनस्टॅकवाल्यांनी रेनो नावाचं टूल काढलं, प्रत्येक नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, रिलीजच्या वेळी सगळ्या गोळा होतात. पायथनच्या जगात टाउनक्रायर साधारण असंच करतं. तुमच्यासारख्यांना टूलचीही गरज नाही, "नोंदी" नावाचा एक फोल्डर करा, बदलामागे एक फाइल, बास.

फक्त रिव्ह्यू करणाऱ्याने अडून बसलं पाहिजे. युजरला दिसणारा बदल आणि नोंद नाही, तर मर्ज नाही. पहिले काही दिवस शिव्या खाव्या लागतात.

आणि नोंद कशी असावी हेही सांगतो, कारण "नेटवर्कचं पॅकेज अपडेट केलं" असलं लिहून आणतात. ती नोंद नव्हे. "अपग्रेडनंतर नेटवर्क इंटरफेसचं नाव बदलू शकतं. कॉन्फिग फाइलमध्ये जुनं नाव हाताने लिहिलेलं असेल तर नेटवर्क सुरू होणार नाही. दूरच्या सर्व्हरवर अपग्रेड करत असाल तर रीबूट करायच्या आधी हे तपासा." ही नोंद. कोणाला, काय होईल, काय करायचं. पॅकेजचा व्हर्जन नंबर आला नाही तरी चालेल, तो कोणालाही शोधता येतो.

झटपट_राव

एवढं कशाला, गिट लॉग एआयला द्या, पाच मिनिटांत रिलीज नोट्स तयार.

जुनाट_युनिक्स

झटपटराव, लॉगमध्ये नाही ते एआय कुठून आणणार? "आता तरी चाल बाबा" या कमिटचा तो फार तर "स्थिरता सुधारली" करेल, आणि तसल्या ओळींनी आधीच पानं भरलेली असतात. नीट लिहिलेल्या नोंदींवरून घोषणेचा मसुदा करायला वापरा, माझी ना नाही, पण तपासणारा माणूस लागेल.

बूटलोडर

जुनाटराव, मस्त. एक शंका, काही गोष्टी "नवीन काय" मध्येही बसतात आणि अपग्रेडमध्येही. त्या कुठे?

जुनाट_युनिक्स

ज्यासाठी युजरला हात चालवावा लागतो ते अपग्रेड गाइडमध्ये, आणि तेही योग्य पायरीवर. डेबियन ११ चं आठवतं का, २०२१ सालचं (१० चं कोडनेम बस्टर, ११ चं बुल्सआय). तोपर्यंत सिक्युरिटीच्या ओळीत "बस्टर/अपडेट्स" असं नाव असायचं, ११ पासून ते "बुल्सआय-सिक्युरिटी" झालं. नेहमीच्या सवयीने ज्याने सोर्सेसच्या (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये फक्त बस्टरचं बुल्सआय केलं त्याच्याकडे तयार झालं "बुल्सआय/अपडेट्स", आणि असं काही अस्तित्वातच नाही. बाकीच्या रिपॉझिटरी नीट चालू, फक्त ही एक ओळ एरर देणार. ही माहिती "नवीन काय" च्या सतराव्या बुलेटमध्ये असून काय उपयोग? माणूस ती फाइल एडिटरमध्ये उघडून बसलाय, त्याच क्षणी ती ओळ डोळ्यांसमोर हवी. डेबियन १२ ला फर्मवेअरचं (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) तसंच, ते नॉन-फ्री-फर्मवेअर नावाच्या नव्या विभागात गेलं, ज्याने त्याच फाइलमध्ये तो शब्द घातला नाही त्याला फर्मवेअरचे अपडेट यायचे बंद.

पीओ_ताई

मी एका डिस्ट्रोचं भाषांतर बघते, आमच्या बाजूने थोडं ऐका. तुम्ही लोक रिलीजच्या आदल्या दिवशी एका वाक्यातला स्वल्पविराम हलवता आणि आमच्याकडे ते अख्खं वाक्य फझी होतं, म्हणजे भाषांतर झालेलं असूनही पुन्हा तपासल्याशिवाय ते पानावर येत नाही, इंग्रजीच दिसतं. तेव्हा स्ट्रिंग फ्रीझची, म्हणजे मजकूर बदलणं थांबवायची, तारीख ठरवा आणि ती पाळा. फ्रीझनंतर काही सापडलं तर ते एराट्यात टाका, रिलीज नोट्सना हात नको. काकांनी वर जी विभागणी सांगितलीये ती आमच्यासाठीही सोन्यासारखी आहे.

दुसरं, व्हर्जन नंबर आणि कोडनेम वाक्यात टाइप करू नका, एका ठिकाणी व्हेरिएबल ठेवा. नाहीतर दर रिलीजला "१२" चं "१३" झालं म्हणून शेकडो वाक्यं फझी. स्फिंक्स (डॉक्युमेंटेशन बनवायचं टूल) वापरणार असाल तर एक अडचण आधीच सांगते, त्यातलं सब्स्टिट्यूशन (व्हेरिएबलच्या जागी खरी किंमत भरणं) साध्या मजकुरात चालतं पण कोड ब्लॉकमध्ये आपोआप चालत नाही, आणि तुम्हाला तर ते कमांडमध्येच हवं असतं. त्यासाठी एक्स्टेन्शन लावावं लागतं किंवा बिल्डआधी छोटी स्क्रिप्ट.

स्क्रीनशॉट कमी ठेवा. त्यांचं भाषांतर होत नाही आणि डेस्कटॉपची थीम बदलली की सगळे बाद.

बूटलोडर

ताई, व्हेरिएबलचं डोक्यातच आलं नव्हतं. विकीचं काय करू? आमच्यातले बग सांगणारे आणि उपाय शोधणारे बरेच जण गिट वापरत नाहीत, विकी काढला तर ते गप्प होतील ही भीती आहे.

कमिट_काका

मग विकी काढू नकोस, त्याचं काम कमी कर. लोकांनी सापडलेल्या अडचणी तिथे लिहाव्यात, तुमच्यापैकी एकाने दर आठवड्याला त्यातल्या खात्रीच्या उचलून एराट्यात आणाव्यात. फेडोरासुद्धा कॉमन इश्यूज रिलीज नोट्सच्या बाहेर, चर्चेच्या फोरमवर ठेवतं. रिलीज नोट्स, अपग्रेड गाइड आणि इन्स्टॉल गाइड मात्र गिटमध्येच, प्रत्येक व्हर्जनची ब्रँच वेगळी. फॉरमॅटवरून भांडत बसू नका. फ्रीबीएसडी २०२१ मध्ये डॉकबुक सोडून अ‍ॅस्किडॉक्टर आणि ह्यूगोवर गेलं, डेबियनच्या रिलीज नोट्सही डॉकबुकवरून स्फिंक्सवर आल्या, दोघांचं चाललंय. टीममधल्या सगळ्यात कंटाळा करणाऱ्याला जे लिहिता येईल ते घ्या.

जुनी पानं अजिबात उडवू नका. डेबियनमध्ये मधलं रिलीज ओलांडून उडी मारायला सपोर्ट नाही, ओपनबीएसडीतही एका रिलीजवरून लगेच पुढच्याच रिलीजवर जायचं. म्हणजे तुमचा दोन व्हर्जन मागे असलेला युजर पायरी-पायरीनेच वर येणार आणि त्याला मधली गाइड लागणारच. पत्त्यात व्हर्जन नंबर ठेवा, शिवाय "सध्याचं" नावाचा एक पत्ता नेहमी ताज्या रिलीजकडे वळवा. सपोर्ट संपलेल्या प्रत्येक पानावर वर ठळक पट्टी लावा की हे जुनं आहे, नवीन इथे बघा. सर्च इंजिन जुनंच पान आधी देतं, ती पट्टीच युजरला वाचवते.

बूटलोडर

शेवटचं विचारतो, एराट्यातली एक नोंद कशी असावी? आमच्याकडे आत्ता "वायफायचा इश्यू आहे, बघतोय" एवढंच असतं. आणि बग सुटला की नोंद काढून टाकायची ना?

कमिट_काका

लक्षण पहिलं, तेही युजर सर्चमध्ये टाइप करेल त्या शब्दांत. तुमचंच घेऊ: "लाइव्ह यूएसबीवरून वायफाय चालतं, इन्स्टॉल केल्यावर नेटवर्कच्या यादीत काहीच दिसत नाही." मग कोणाला: अमुक आयएसओवरून इन्स्टॉल करताना इंटरनेट नसलेल्यांना. मग आत्ता काय करायचं: केबल लावा किंवा फोनवरून यूएसबी टेदरिंग करा, आणि अमुक फर्मवेअर पॅकेज टाका. मग स्थिती: कुठल्या आयएसओत दुरुस्त झालं, बग ट्रॅकरची लिंक, नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख. कारण सगळ्यात शेवटी, दोन ओळींत, वाचलं नाही तरी चालेल असं.

आणि सुटली म्हणून काढायची नाही. "दुरुस्त" असा शिक्का मारून खाली सरकव. दुरुस्ती नव्या आयएसओत आहे, पण जुनी आयएसओ मिरर्सवर आणि लोकांच्या पेनड्राइव्हवर पडलेली असते, तिच्यावरून इन्स्टॉल करणारा पुढच्या महिन्यातही तेच लक्षण शोधत येणार आहे.