अनुभव धागा: देवाच्या कामात शिरलेली मानाची हाव

रानफूल (म्हापसा)
आज मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय 10 वाचला. येशूचे शिष्य याकोब आणि योहान त्याच्याकडे त्याच्या उजव्या-डाव्या हाताची मानाची जागा मागतात ते. ऐकता ऐकता शेजारच्या आंटी आठवल्या. वाड्यावरच्या खुरसाच्या (क्रूसाच्या) फेस्ताची, म्हणजे सणाची पाळी घराघरांतून फिरायची, त्या वर्षी त्यांची होती. नवरा गेलेला, मुलगा बोटीवर. खुरसापुढच्या मेजाच्या कापडाला त्यांनी क्रोशाची झालर विणून ठेवली होती, मधे द्राक्षांचे घोस. ऐन वेळी वाड्यावरल्या एका बड्या माणसाने 'तुला बँड परवडायचा नाही' म्हणत पाळी स्वतःकडे घेतली. बँड आला, दारूकाम झालं, फलकावर त्याचं नाव. आंटींनी झालर पेटीत ठेवली आणि दुसऱ्या चर्चला जाऊ लागल्या. त्यावरून वाडा फुटला. अजून कितीतरी घरं एकमेकांच्या लादाईनीला (सामूहिक प्रार्थनेला) जात नाहीत. पैसा देवाच्या नावाने खर्च झाला म्हणून तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. तुमच्याकडचं लिहा.

बोरीपूल
चर्चच्या कोयरचं (गाणाऱ्यांच्या गटाचं) तर विचारूच नका. एकीला दरवेळी सोलो हवा. सराव कधी ते तीच ठरवणार आणि ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीला मुद्दाम कळवणार नाही. मुलगी रडून रडून गेली सोडून. थांबा, कढी उतू चालली

आबोली
अगो, वाजवणंच सोडलं का तिने?

बोरीपूल
नाही गं, मडगावला मुलांना शिकवते आता. बरं चाललंय तिचं.

डिचोलीचा
मी हिंदू, लिहिलं तर चालेल ना? आमच्या भजनी सप्ताहात हेच. जन्मभर पखवाज वाजवलेल्या आजोबांना मागे बसवलं, पुढे देणगीवाले. आजोबा परत आले नाहीत.

रानफूल
चालेल काय, लिहाच दादा. वाईट वाटलं वाचून.

सासष्टीकर
त्याच उताऱ्यात पुढे बाकीचे दहा जण त्या दोघांवर रागावतात. मला वाटतं, त्यांनाही त्याच जागा हव्या होत्या. म्हणून येशू सगळ्यांनाच जवळ बोलावून सांगतो की मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं. याकोबाच्या पत्रातही (3:16) आहे, मत्सर आणि स्वार्थी चढाओढ जिथे, तिथे गोंधळ आणि हरतऱ्हेचं वाईट काम. तुमच्या वाड्याचं तेच झालं.

आबोली
मत्तयाच्या शुभवर्तमानात तर आईच येऊन जागा मागते मुलांसाठी! आम्हा आयांनी हे जरूर वाचावं. मुलीच्या क्लासबाहेर रोज बघते, दुसरीचे मार्क ऐकून चेहरे पडतात.

मिरामार
पण महत्त्वाकांक्षाच वाईट असं नको म्हणायला. बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांना लिहितो (15:20) की जिथे ख्रिस्ताचं नावही पोचलेलं नाही तिथे जाऊन सांगायची त्याला ओढ आहे. मुलीने डॉक्टर व्हावंसं जरूर वाटावं, फक्त कोणासाठी ते बघा.

सासष्टीकर
पटलं. संत फ्रान्सिस झेवियरही पॅरिसला तत्त्वज्ञान शिकवायचे, पुढे मोठं पद मिळवायची आस होती. तिथले त्यांचे सोबती इग्नेशियस त्यांना सारखे विचारायचे, सगळं जग मिळवलं आणि आत्मा गमावला तर काय उपयोग? उमेद गेली नाही, दिशा बदलली. 1552 मध्ये चीनच्या दाराशी एका बेटावर वारले. आणि आपले बाणावलीचे पाद्री जुझे वाझ! डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती, तरी 1687 मध्ये वेश पालटून सिलोनला (आताच्या श्रीलंकेला) गेले. तिथे मान नव्हता, पकडले जायची भीती होती.

रानफूल
देव बरें करूं, सर. आंटींच्या मुलाला हे पाठवते.

हळदीचं_पान
उशिरा आले, वरचं सगळं वाचलं नाही अजून. आंटींचं वाचून गलबललं. त्या कशा आहेत आता?

रानफूल
गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. पंधरा ऑगस्टला, मारियेच्या फेस्ताला, हळदीच्या पानातल्या पातोळ्या पाठवतात न चुकता.

हळदीचं_पान
मग त्यांना पीठ किती जाड थापायचं विचारून सांग ना, माझ्या फुटतात.

बोरीपूल
जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) 24 तारखेला फोंड्याहून कोण जातंय? पहाटेच्या मिस्साला आमच्या गाडीत दोन जागा आहेत.