पॅच मेनलाइनला गेला, पण ५.१० ला लागत नाही. आता?

प्रश्न:
लिनक्स कर्नलच्या एका ड्रायव्हरमधला माझा चार ओळींचा फिक्स मेनलाइनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, गेला. खाली 'सीसी: स्टेबल' (जुन्या, अजून सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांतही घ्या, अशी खूण) लिहिलं होतं, म्हणून पुढचं आपोआप होईल असं धरून चाललो होतो. ६.१ या जुन्या शाखेत गेलाही. काल दोन मेल आल्या, विषयातच मोठ्या अक्षरांत 'फेल्ड': ५.१५ आणि ५.१० ला लागला नाही. हे स्टेबलचे मेंटेनर सोडवतात की मी? माझं काही चुकलं का?

उत्तर १:
चुकलं काही नाही. स्टेबलच्या मेंटेनरांकडे पॅचचा ढीग असतो, प्रत्येक ड्रायव्हर त्यांना कुठून ठाऊक असणार? कॉन्फ्लिक्ट आला (जुना कोड वेगळा असल्याने पॅच बसला नाही) की लेखकाला कळवून पुढे जातात. तुम्ही नाही केलंत तर फिक्स तिथे जाणार नाही, इतकंच. मेलमध्येच कमांड दिलेल्या असतात, त्याच वापरा. आणि नुसता ५.१० चा पाठवू नका. ५.१५ मध्ये फिक्स नसेल तर अपग्रेड करणाऱ्याला बग परत मिळतो, म्हणून तसा घेत नाहीत.

उत्तर २:
कॉन्फ्लिक्ट दिसतो तरी; मला भीती वाटते ती तो सुटल्यानंतरची. मी एकदा असाच फिक्स मागे नेला होता. मेनलाइनमध्ये मेमरी डेव्हएम-केझॅलॉकने घेतलेली, ती आपोआप मोकळी होते, त्यामुळे एररवर सरळ रिटर्न केलं तरी चालायचं. जुन्या शाखेत साधं केझॅलॉक होतं, त्याची मेमरी आपणच मोकळी करायची असते. मी तोच रिटर्न चिकटवला. कंपाइल झालं, एक वॉर्निंग नाही, आणि दर एररला मेमरी लीक! तिथे रिटर्न नव्हे, केफ्री करणाऱ्या (मेमरी मोकळी करणाऱ्या) लेबलवर गोटू, म्हणजे तिथे उडी, हवा होता. (रिव्ह्यूत कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही.)

म्हणून आधी गिट ब्लेमने (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणाऱ्या कमांडने) बघा, कॉन्फ्लिक्ट कोणत्या कमिटमुळे येतोय. ते कमिट छोटं असेल तर तेही सोबत मागे न्या, त्यावर 'स्टेबल-डेप-ऑफ' (अमुक फिक्ससाठी हे लागतं, अशी खूण) लिहा. मोठं रिफॅक्टरिंग असेल तर हाताने जुळवा, आणि कमिट मेसेजमध्ये तुमच्या 'साइन्ड-ऑफ-बाय' सहीच्या वर चौकटी कंसात काय बदललं ते एका ओळीत लिहा.

प्रश्नकर्ता:
बघितलं. ५.१५ मध्ये फक्त फंक्शनचं नाव वेगळं आहे. ५.१० मध्ये मात्र तुमचंच केझॅलॉक निघालं. मी रिटर्नच टाकून ठेवला होता, पाठवायचा बाकी होता. दोन वेगळे पॅच करतो.