मदत हवी आहे: कोल्हापूर, ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी. सासूबाईंचा शनिवार आणि नवऱ्याचं मटण

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेस, शनिवारी सकाळी कोल्हापूर, रविवारी रात्री तीच गाडी परत. तिकिटं कन्फर्म आहेत. बाकी कशाचाच पत्ता नाही.

आम्ही चौघं. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात, शाकाहारी, शनिवारचा उपवास मोडायचा नाही म्हणजे नाही. नवरा तांबडा-पांढऱ्यासाठी चाललाय, देवदर्शन निमित्ताला. मुलगा चौथीत, त्यामुळे सिद्दी जौहर आणि बाजीप्रभू सध्या आमच्याकडेच जेवायला असतात. मला चप्पल घ्यायचीय आणि गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, कोल्हापुरी साज नुसता बघायचाय (नवरा हे वाचणार आहे, म्हणून 'नुसता').

माझा कच्चा बेत: शनिवारी अंबाबाई, दुपारी मटण, संध्याकाळी रंकाळा. रविवारी जोतिबा, पन्हाळा, आणि वेळ उरला तर नरसोबाची वाडी नि खिद्रापूर. जमेल का? आणि जेवायचं कुठे? बारा वर्षांपूर्वी हायवेवर 'अस्सल कोल्हापुरी' पाटी बघून मीच एका हॉटेलात सगळ्यांना नेलं होतं. रश्श्याचा रंग दुसऱ्या दिवशीही बोटांवर होता. ते प्रकरण घरात अजून निघतं. यावेळी पाटी बघून शिरणार नाही.

पेठकरी:
ताई, बेत चांगला हाय पण वार उलटे पडलेत. रविवार म्हणजे जोतिबाचा वार. त्यात १ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या दिवशी डोंगरावर नेऊ नका. जोतिबा-पन्हाळा शनिवारी सकाळीच उरका, दोन्ही एकाच अंगाला आहेत, कोल्हापुरापासून वीस किलोमीटरच्या आत-बाहेर. दिवसभरासाठी गाडी ठरवा. जोतिबाला देवळाकडं पायऱ्या आहेत, सावकाश उतरवा. पन्हाळ्यावर मात्र गाडी वर जाते, तीन दरवाजा आणि अंबरखाना फार न चालता बघून होतो.
शनिवारी सासूबाईंचा उपवास, म्हणजे त्यांच्यासमोर मटण वरपायचा प्रश्नच मिटला. इथं बऱ्याच घरांत शनिवारी शिजत पण नाही. मटणाचा खरा वार रविवार.

गडवेडा:
मुलासाठी लिहितोय. पन्हाळ्यावर राजदिंडी चुकवू नका. १६६० च्या जुलैत महाराज वेढ्यातून निसटले ते तिथून. शिवा काशीद यांचं स्मारकही पन्हाळ्यालाच आहे, त्यांची गोष्ट चौथीच्या पोराला बाजीप्रभूंइतकीच भिडते. सज्जाकोठीवर वारा खात उभं राहता येतं, संभाजी महाराजांना तिथे ठेवलं होतं. अंबरखान्यात धान्याची तीन कोठारं, नावं गंगा, यमुना, सरस्वती. आत जाऊन हाक मारायला सांगा त्याला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे, शाळेत सांगायला उपयोग होईल.

महाद्वाराशेजारी:
तुम्ही तारखा बघून काढल्यात की योगायोग? ३१ जानेवारीला किरणोत्सव आहे!

धागाकर्ती:
योगायोग. नवऱ्याला रजा त्याच सोमवारी मिळत होती. किरणोत्सव म्हणजे नेमकं काय ते नीट सांगाल का? सासूबाईंना वाचून दाखवते.

महाद्वाराशेजारी:
देवी पश्चिमाभिमुख. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत येतं, गाभाऱ्यापर्यंत. परंपरेनं पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. म्हणजे तुम्हाला पहिले दोन दिवस मिळतात. पण आधीच सांगतो, ढग आले किंवा हवेत धूळ-धुकं असलं की किरणं वाटेतच फिकी पडतात. काही वर्षी पायांपर्यंतसुद्धा पोचत नाहीत.
आणि किरणांच्या वाटेत कुणाला उभं राहू देत नाहीत, गर्दीही असते. म्हणून दर्शनाची रांग आणि किरणोत्सव यांची सांगड घालू नका. शनिवारी पाच वाजता आईंना घेऊन आवारात बसा आणि उन्हाचा पट्टा सरकताना बघा. दर्शन रविवारी पहाटे, गर्दी व्हायच्या आत.

धागाकर्ती:
वाचून दाखवलं. सासूबाई आतापासून बॅग भरायला बसल्यात.

खवय्या:
आता पोटाचं. हॉटेलची नावं मुद्दाम देत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं आणि मग इथे भांडणं लागतात. ओळखायचं कसं ते सांगतो. तांबडा लालभडक दिसला आणि चवीला नुसता तिखट लागला तर उठा. चांगल्या तांबड्याला घरच्या चटणीचा, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचा वास येतो. पांढरा हा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, खडा मसाला घालून केलेला असतो. तो पिठासारखा दाट आला तर कशानं तरी घट्ट केलाय असं समजा. मुलाला तिखट झेपत नसेल तर अळणी मागा, लाजू नका, इथली पोरं त्याच्यावरच वाढतात. रविवारी दुपारी बाराला बसा. दीडला गेलात तर वाट बघत उभे राहाल.
सासूबाईंना झुणका, भाकरी, खर्डा, दही, किंवा अख्खा मसूर. 'व्हेज कोल्हापुरी' मागवू नका. ती भाजी कोल्हापूर सोडून सगळीकडे मिळते.

उद्यमनगर:
रविवारी सकाळी दर्शन झालं की मिसळ. फडतरेंकडे रांग असते, पण लवकर जाल तर मिळेल.

पेठकरी:
रांगेत तास घालवायचा तर मिसळ कशाला, देवळातच उभं राहावं की. गल्लीतल्या कुठल्याही गाड्यावर खावा, सकाळी माणसं ताटकळत उभी असतील तो चांगला. आणि पाव मागू नका ताई. इथं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात. पाव मागितला की गिऱ्हाईक बाहेरगावचं हे सगळ्या गाड्याला कळतं.

उद्यमनगर:
रांग आहे म्हणूनच सांगितलं. उगाच का लोक उभे राहतात?

खवय्या:
बघा, नावं का टाळली ते कळलं ना.

एक वाचक:
वाडी आणि खिद्रापूर या खेपेला सोडून द्या. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात वर गोल उघडं आभाळ आणि भोवती ४८ खांब, ते घाईत बघण्यासारखं नाही. जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो, आणि पौर्णिमेला वाडीलाही झुंबड असते. त्यापेक्षा रविवारी जेवणानंतर सीपीआर रुग्णालयासमोरचं टाऊन हॉल म्युझियम बघा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीकांचा समुद्रदेव! पुरावा आहे की त्या काळी समुद्रापलीकडचा माल इथवर येत होता. मुलाला हे आवडेल, नवऱ्याला जेवणानंतर पेंग येईल, त्याला बागेत बसवा.
चप्पल घेताना उलटी करून बघा. अस्सल जोडीला खिळे नसतात, चामड्याच्याच वादीनं शिवलेली असते. सुरुवातीला चावते, तेल लावून घरात चार दिवस घाला.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. शनिवारी जोतिबा-पन्हाळा आणि पाचच्या आत देवळात. रविवारी पहाटे दर्शन, मिसळ (रांगेचं बघू), बाराला मटण, म्युझियम, चप्पल, गुजरी, गाडी. रंकाळा कुठे घालू कळत नाहीये. आणि शनिवारी रात्री सासूबाई काय खाणार? दिवसभर हिंडून नुसती साबुदाण्याची खिचडी त्यांना सोसत नाही.

महाद्वाराशेजारी:
किरणोत्सव आटपला की गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, देवळापासून रिक्षानं पाच मिनिटं. म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून तिथंच ग्लास हातात देतात. उपवासालाही चालतं. तिथून रंकाळा जवळ, पौर्णिमेच्या आदल्या रात्रीचं चांदणंही मिळेल.

धागाकर्ती:
सासूबाई विचारतायत, ग्लास घरून आणायचा का?

पेठकरी:
ग्लास तिथं मिळतोय मावशी. फेसाच्या मिशा पुसायला पदर तेवढा आणा.